खालच्या मजल्यावरचा फ्रिज

गार्चिंगला आमच्या खाली राहणारे आजोबा घरीच बिअर करतात. फ्रिजचे कप्पे काढून त्यांनी आत पाच-पाच लिटरचे स्टीलचे केग, म्हणजे बिअरची छोटी पिंपं, बसवलेत. रोज गॅसच्या दाबाच्या काट्यावर नखाने टिचकी मारतात आणि स्वतःशीच ‘गेनाऊ’, म्हणजे जर्मनमध्ये ‘अगदी बरोबर’, असं म्हणतात. इमारत सोडून जाणाऱ्याला एक केग भरून देतात, वर त्याच्या नावाची चिठ्ठी लावून.

काल त्यांच्याकडे ठेवलेलं पार्सल आणायला गेले, तेव्हा फ्रिज उघडाच होता. पुढच्याच केगवर आमचं आडनाव.

“आम्ही कुठे जातोय?” मी हसत विचारलं.

“मुरायला सहा आठवडे लागतात,” ते शांतपणे म्हणाले. “आज तयार झाली.”

पुण्याला परतायचं आम्ही नवरा-बायकोनं परवाच ठरवलं होतं. दार लावून, मराठीत.