चारशे कान

यशवंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बोरगावला एका लग्नाच्या मांडवात पेटीचे सूर तपासत होतो. जिनिंगमधला एक कामगार सायकल रेटत आला. "पेटीमास्तर, यशवंता फिटर गेला जी. सकाळी." मी "बरं" म्हणालो... वरात दारात येऊन थांबली होती. मी भात्यावर हात ठेवला आणि नवरदेव आत येईपर्यंत, मग पंगती उठेपर्यंत वाजवत राहिलो. पांढुर्ण्याला पोचलो तोवर त्याला पोचवून लोक घरी परतले होते. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्याच्याविषयी लिहायला बसलो, तर सगळ्यात आधी हेच लिहिणं भाग आहे.

यशवंता पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची निकामी पाती, सायकलच्या तारा, बेअरिंगच्या गोळ्या असं काय काय त्यानं एका लाकडी चौकटीत टांगलं होतं. त्यावर तो कधी लोखंडी सळी फिरवायचा, कधी नुसता अंगठा. ताल नाही, राग नाही, गाणं तर नाहीच. पण पाचदहा मिनिटं गुमान बसलं की खोलीत काहीतरी भरून यायचं. त्याला मला आजही नाव देता येत नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, यशवंता भंगार घेऊन बसला. तो हे सगळं टू-इन-वनवर टेप करायचा. संत्र्याच्या पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज, मालगाडीचे डबे एकमेकांना धडकल्याचा आवाज त्यात मिसळायचा. कॅसेटवरची लेबलं मी लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं. त्या कॅसेटी आम्हा पाचसहा जणांच्या हातांतून फिरायच्या. सातव्या माणसाला सांगायची सोय नव्हती.

एका वर्षी गोटमारीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेला, तो टेप घेऊन जाम नदीच्या काठावर उभा राहिला. पलीकडून सावरगावचे लोक, अलीकडून आमचे. दगड सुटत होते आणि हा डोळे मिटून ऐकत होता. मी त्याला मागे ओढलं. परतताना म्हणाला, "अरुण, दगड दगडावर पडला का आवाज येते. मानसावर पडला त येतच नाई. टेपमध्ये तेवढी जागा खालीच रायते." मी हसलो होतो. त्याच्या बोलण्यावर हसायची सवय मला तेव्हापासूनची.

सौंसरच्या एका मंडळाचा दिवाळीनंतर दुपारचा कार्यक्रम असायचा. आमचा ऑर्केस्ट्रा तिथे ठरलेला. त्या साली मंडळाच्या अध्यक्षांना गाण्यांच्या मध्ये लोकांना हसवायला काहीतरी हवं होतं. "तुमच्या पांढुर्ण्याचा तो भंगारवाला आणा ना," ते म्हणाले. "त्याला वाटलं पाहिजे की सत्कारच आहे. पत्र तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर झकास." मी लिहिलं. आपल्या नादप्रयोगांचा लाभ सौंसरच्या रसिकांना व्हावा, वगैरे. लिहिताना मला मजा येत होती, हे खोटं कशाला बोलू? खाली अध्यक्षांनी सही केली.

याआधी कुणी कुठे वाजवायला बोलावलं की यशवंता सरळ नाही म्हणायचा. या वेळी का कोण जाणे, तयार झाला. महिनाभर रोज कामावरून आल्यावर बसायचा. कार्यक्रमाच्या दिवशी तो, सुलोचनावहिनी आणि चादरीत गुंडाळलेली ती चौकट, असे तिघे बसनं सौंसरला उतरले. नवा पांढरा सदरा होता अंगात.

निवेदकानं माईकवर सांगितलं, "आता ऐका महान कलाकार, स्वतःच्या दुकानातला माल घेऊन आले आहेत!" यशवंतानं सळी उचलली तशी पहिली शिट्टी आली. मग मांजराचे आवाज, मग पाठीमागून संत्र्याची सालं. एक साल त्याच्या सदऱ्यावर चिकटलं. त्यानं ते काढलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेत बायकांमध्ये वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. पाचेक मिनिटांनी अध्यक्षांनी मला खूण केली. मी पेटीवर वरातीची धून सुरू केली, ढोलकीवाल्यानं साथ धरली, मैदान नाचायला उठलं. यशवंता थांबला नाही. आमच्या गोंगाटाखाली तो वाजवतच राहिला. माझ्यापासून चार हातांवर होता, तरी मलासुद्धा ऐकू येत नव्हतं. मग त्यानं नमस्कार केला आणि चौकट गुंडाळली.

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी होत्या. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुले मालूम होतं का बे, मले हसाले बलावलं म्हून?"

"नाही रे," मी म्हणालो. "मला काय माहीत?"

"बरं," तो म्हणाला.

पुढची सहा वर्षं मी त्याच्या घरी जात राहिलो, आधी दर आठवड्याला, मग जमेल तसं. यंत्रांच्या गदारोळात त्याचे कान गेले. तो चौकटीची कड दातांत धरून वाजवायचा, म्हणायचा, हाडातून ऐकू येते. मग रुईच्या कणांनी छाती धरली. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शेवटचा भेटलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, श्वास करवतीसारखा. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. त्याच्या जवळ बसलो आणि सांगितलं, "यशवंता, ते पत्र मी लिहिलं होतं. मला सगळं माहीत होतं." पण हळूच सांगितलं... जवळपास बहिऱ्या झालेल्या माणसाला मी कुजबुजून सांगितलं. "काय म्हनतं?" त्यानं विचारलं. "काही नाही," मी मोठ्यानं म्हणालो, "आराम कर म्हटलं."

त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर दोन दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. दार सताड उघडं होतं. समोरच्या ओट्यावर एक बाई मिरच्यांची देठं खुडत होती. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"सौंसरले त्या अध्यक्षाच्या बायकोनं मले चहा देता देता सांगतलं, तुमच्या घरच्याइले हसाले बलावलं म्हून," त्या म्हणाल्या. "मी स्टेजच्या मांगं जाऊन याईले सांगतलं, चाला घरी. त म्हने, हसाले का होईना, दोनशे मानूस बसला हाय. चारशे कान मले पुन्हा कुठं भेटतीन? वाजवूनच येतो."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घरी आल्यावर मी म्हनलं, त्या पेटीमास्तरले आता दारात उभं करू नोका. त म्हने, त्याले काही म्हनू नको. तो नाई आला त ऐकाले कोन येते?"

वहिनी रागावल्या नव्हत्या. त्या ओरडून बोलत होत्या, एवढंच. त्या घरात कित्येक वर्षं कुणी हळू बोललंच नव्हतं. आता ऐकणारा राहिला नव्हता, तरी आवाज तिथेच होता. ओट्यावरच्या बाईचे हात थांबले. पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

"वहिनी, जरा हळू..." मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या, आणि पुढचंही तितक्याच मोठ्यानं बोलल्या, "ते कुठीच जात नव्हते, भाऊजी. पत्रावर तुमचं अक्षर होतं, म्हून गेले."