जावयाच्या हाती दिलेली किल्ली

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी पूर्ण शुद्धीत केला. दारू प्यायले होते ते दुसरेच. मी फक्त लेकीच्या हातातली टेम्पोची किल्ली काढून घेतली आणि जावयाच्या हातात ठेवली.

तेव्हा मी साठीची होते, म्हणजे तशी तरुणच. तरुणपणी माणसाला सगळं कळत असतं. मला तर कायदाही कळायचा.

थंडीचे दिवस होते. चोपड्याजवळच्या आमच्या शेतात भरताची पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झाली, कळण्याच्या पुऱ्यांचा ढीग संपला, आणि तोवर बांधापलीकडे पुरुष मंडळींची बाटलीही संपली. जावई सावद्याचे. बागेतून केळी उचलून व्यापाऱ्याच्या वखारीत पोचवायची, हा त्यांचा धंदा. त्यांना शेत नाही. तो टेम्पो म्हणजेच त्यांची शेती आणि लायसन म्हणजे सातबारा.

निघायच्या वेळी लेक म्हणाली, "आज मी चालवते."

तिला चालवता येत होतं. लायसन काढलं तेव्हा पेढे मीच वाटले होते. पण पेढे वाटणं वेगळं आणि भाऊबंदांच्या डोळ्यांदेखत जावयाला बायकोच्या शेजारी बसवणं वेगळं! जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे मी आईच्या दुधासोबत प्यायलेली. मी किल्ली ओढून घेतली.

"जावईबुवा, थोडीच घेतली ना?"

"दोनच, आई."

पुरुषांची मोजणी दोनवर थांबते, तिसऱ्याला आकडाच नसतो, हे मला संसार करून करून ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली. अख्खा कांदा फोडून त्यांना खायला लावला, वर ताक पाजलं. कांद्यानं वास जातो, ताकानं उतरते, आणि दिवसाउजेडी पोलीस तपासत नाहीत. माझं कायद्याचं शिक्षण एवढ्यावर पूर्ण झालं होतं.

लेकीकडे राहायला म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत एक सायकलवाली पोरगी आमचा टेम्पो अंगावर येतोय असं बघून कडेच्या चारीत उतरली. मी खिडकीतून डोकं काढून तिलाच ओरडले, "नीट चालव की गं!" ती नीटच चालवत होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो, आणि आठवला की घास तोंडातच फिरतो.

यावलच्या अलीकडे फाट्यावर, भर उन्हात, नाकाबंदी. कोवळ्या मिशीच्या फौजदारानं खिडकीशी यंत्र धरलं. "फुंका, भाऊ."

"फुंकू नका!" मी मधूनच ओरडले. "फुंकलं नाही तर पुरावाच नाही."

फौजदारानं वाकून माझ्याकडे पाहिलं. "अक्का, वकिली करता का?"

"करत नाही. पण मला माहीत आहे."

"मग हेही माहीत असेल. नाही फुंकलं तर यांना अटक करून दवाखान्यात रक्त काढायला नेता येतं. तिथंही नाही म्हणाले, तर तो नकारच कोर्टात यांच्या विरुद्ध जातो."

जावयांनी मुकाट्यानं फुंकलं. आकडा पाहून फौजदार म्हणाला, "कांदा खाल्लाय वाटतं?"

"मीच दिला," मी अभिमानानं म्हणाले.

"झकास. आता दारूचाही वास येतोय आणि कांद्याचाही. वास नाकाला फसवतो, अक्का. हे यंत्र श्वासातली दारू मोजतं."

मग मी दंडाची पावती मागितली. दंड कोर्ट करतं, मी नाही, असं तो म्हणाला. शेवटी मी माझ्या मते हुकमाचा एक्का टाकला. "साहेब, किल्ली मी दिली. चूक माझी. त्यांना सोडा."

"पिलेले आहेत हे माहीत असून दिली?"

मी तोंड उघडणार, तोच लेकीनं मला मांडीला असा चिमटा काढला की माझं सगळं बलिदान घशातच राहिलं. पुढे वकिलांनी डोक्याला हात लावला. "अहो आजी, प्यालेल्याला गाडी चालवायला जो उद्युक्त करतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. सासू आणि जावई एकाच पिंजऱ्यात उभे राहिला असता."

पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसले. कोर्टात जावयांनी गुन्हा कबूल केला. दंडावर निभावलं. मी पेढ्याच्या दुकानाकडे वळले, तर वकील मागून म्हणाले, "थांबा. दंड भरला म्हणजे सुटलो, असं नसतं. लायसन तीन महिने निलंबित होणार आहे."

केळीचा घड एकदा कापला की कुणाच्या लायसनची वाट बघत नाही. तीन महिने टेम्पो उभा राहिला असता, तर बागवाल्यांनी दुसरा गाठला असता आणि धंदा कायमचा गेला असता. दुसऱ्या दिवशी लेक टेम्पोत चढली. जावई शेजारी बसले. ज्या दृश्याला भिऊन मी एवढं रामायण घडवलं, ते सगळ्या सावद्यानं रोज पाहिलं. लोक काय म्हणाले? व्यापारी म्हणाला, "ताई, उद्या जरा लवकर या." बस्स. याच्यापलीकडे कुणीही काही म्हणालं नाही. मला तर थोडा अपमानच वाटला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरीत झालं. जावयांचं लायसन कधीच परत आलं होतं. ते बांधापलीकडे जाऊन आले, आणि निघताना मुकाट शेजारच्या सीटवर जाऊन बसले. भाऊबंद बघत होते. माझा हात सवयीनं पुढे झाला. लेकीनं तो पाहिला, किल्ली मुठीत घट्ट धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी आमच्या अहिराणीत म्हणाली,

"माय, किल्ली आते मनाकडे शे. तू तुना कांदा चीर."