भानुदासची जोडी

शिरूर कासारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दारातल्या एका जुन्या टीव्हीला मी व्हिडिओ गेम जोडला होता. त्यावर सगळे जिंकायला बसत. भानुदास तेवढा एकच असा, की डाव सुरू होताच आपलं विमान मुद्दाम शत्रूच्या तोंडी द्यायचा.

गेम अंतराळातल्या विमानांचा, त्यातही दुसरा भाग. पहिल्यात नुसतं मारायचं आणि मरायचं. दुसऱ्यात त्यांनी नवीन काढलं होतं. शत्रू आपलं विमान ओढून वर नेतो. मग आपण दुसरं विमान घेऊन त्या शत्रूला नेमकं पाडलं, तर अडकलेलं सुटून खाली येतं आणि दोन्ही जोडीनं लढतात. नेम चुकला तर ते अडकलेलं विमान आपल्याच गोळीनं जातं.

जोडी जमली की हा पठ्ठ्या गोळी झाडणंच सोडायचा. नुसता चुकवत राहायचा. माझं डोकं फिरायचं.

"मार की रं, नंबर वाढंल."

"नंबर काय करायचाय, भाऊ? दोघं हायत न्हवं."

दिवाळी झाली की आमचं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळी नेणारा मुकादम दारात उभं करत नाही. भानुदासची बायको गया आदल्या हंगामात उसाच्या फडातच वारली. म्हणून पंधरा हंगाम तोडलेला हा गडी म्हाताऱ्या माणसांत मागे राहिला. दुपारभर माझ्याकडे बसायचा. बोलणं जेमतेम. पण रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि खरं सांगतो, मलाही तो लागायचा.

तरी वाटलं, याचं बस्तान बसावं. शेवटची टोळी निघायची होती, म्हणून मीच मुकादमाला चहाला बोलावलं. तो आला आणि भानुदासच्या पाठीशी उभा राहून सांगू लागला, की पाटोद्याला एक सोडलेली बाई आहे, गुरुवारी गाठ मारून टाकू, शुक्रवारी ट्रॅक्टर हलतो. बैल बदलावा तसं बोलत होता.

भानुदासचं एक विमान तेव्हा वर अडकलेलं. त्यानं मान वळवली, बटण दाबलं गेलं, आणि ते त्याच्याच गोळीनं फुटलं.

त्यानं रिमोट खाली ठेवला आणि मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. मुकादम चहा अर्धा टाकून निघून गेला. तो गेल्यावर भानुदास म्हणाला, "गयाला ताप व्हता त्या दिशी. मीच म्हणलो, चल, कोयता अर्धा व्हईल."

 मी शहाण्यासारखा म्हणालो, जाऊ दे, नवा डाव लावतो, परत तीन जीव मिळतात.

"गयाला एकच व्हता, भाऊ."

आठवड्यानं तो पुण्याला वॉचमन म्हणून गेला. तिथं एकट्यालाही घेतात म्हणे. पिशवी घेऊन दुकानावरूनच गेला, आत आला नाही. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती.