मासोळीचं माहेर

काकूला कोणीही नवीन माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "माहेर कोनचं?" पुरुषांनाही विचारायची. आमच्याकडे जेवायला आलेला तिरोड्याचा एसटी कंडक्टर या प्रश्नावर नव्या नवरीसारखा लाजला होता. हाच प्रश्न ती मासोळीलाही विचारी. बर्फाच्या पेटीतला रोहू उचलायचा, कल्ले उघडून पाहायचे आणि म्हणायचं, "आंध्राची आहे बापा. दमून आली."

गोरेगावात मी मासोळी-भाताचं दुकान काढलं, तेव्हा रांधायला काकू होती आणि अक्कल चालवायला मी. त्यामुळे दुकान अर्धंच चाललं. माझ्या अकलेचं पहिलं फळ म्हणजे दारावरचा बोर्ड: 'बोदलकसा की ताज़ी मछली'. हिंदीत, कारण गोंदियाची गिऱ्हाइकं. पेंटरनं शेजारी जो मासा काढला त्याला लांब चोच होती. तसा आमच्या कुठल्याच तलावात कोणी पाहिलेला नाही. खरी बोदलकशाच्या धरणातली मासोळी कधीमधी मिळे, एरवी आंध्राची पेटी. बोर्ड मात्र बारमाही.

आणि काकूचं माहेर नेमकं बोदलकशाच्या काठचं.

एकदा गोंदियाचे एक सराफ बोटं चाटत म्हणाले, "डैम के पानी की बात ही अलग है." मी नम्रपणे मान लववली, जणू धरण मीच बांधलं होतं. तेवढ्यात काकू झारा घेऊन बाहेर आली.

"डैम की नहीं है भैया, आंध्रा की है."

म्हातारीला आताशा समजत नाही, असं मी सराफांना हळूच सांगितलं. काकूला ते स्वच्छ ऐकू गेलं. सराफ गेल्यावर तिनं झारा खाली ठेवला.

"दुसरी कोनती लबाडी असती तं झाकली असती तुही. पन माह्या माहेराच्या नावानं दुसऱ्याची पोरगी काऊन खपवून राहिला?"

आणि ती घरी निघून गेली. मग काही दिवस रस्सा मीच केला. गिऱ्हाइकांनी मासोळीचं माहेर विचारलं नाही, माझं विचारलं.

शेवटी बोर्डावर चुना फासला, चोचीसकट. दाराशी शाळेतली पाटी टांगली: 'आज माहेर:' आणि पुढे खडूनं जे खरं असेल ते. काकू परत आली. काही गिऱ्हाइकं तुटली. सराफ मात्र आले आणि म्हणाले, आंध्रावालीच द्या, तीच आवडली होती.

शेवटच्या आजारात काकूचं जेवण सुटलं, तेव्हा मी बोदलकशाला जाऊन जाळ्यातून नुकतीच निघालेली मरळ आणली. रस्सा जमेल तसा केला. घास पुढे केला, तर तोंड मिटलेलंच.

"माहेर कोनचं?"

"तुझंच, काकू."

"पाटीवर लिवलं काय?"

दुकान बंद होतं. तरी जाऊन पाटी काढून आणली, खाटेपाशी बसून 'बोदलकसा' लिहिलं आणि तिच्यासमोर धरली. काकूला वाचता येत नसे. तिनं पाटीकडे पाहिलंच नाही. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग घासासाठी तोंड उघडलं.