माझा रामोन

“माझा रामोन गेला गं,” बाबा स्वयंपाकघरात आईला सांगत होते. मी दाराशी सँडलचा पट्टा लावत होते. ऑफिसची बस यायची वेळ झाली होती. मला लागलं ते ‘गेला’ नाही... ‘माझा’. हे लिहायला म्हणूनच पाच आठवडे गेले.

रामोन उरुग्वेचे. तरुणपणी तिथल्या बंदरात पोती उतरवायचे आणि रविवारी गोलकीपर म्हणून खेळायचे. सत्तरच्या दशकात, म्हातारपणी, इथल्या एका फुटबॉल क्लबातल्या मुलांना शिकवायला कुवेतला आले. दहाही बोटं वाकडी. बाबा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. हात दाखवायला आलेला हा पेशंट पुढे दर शुक्रवारी फहाहीलला आमच्या घरीच येऊ लागला. बाबा बोटांना शेक द्यायला पातेल्यात मेण पातळ करायचे आणि रामोन त्यात हात बुडवून बसायचे. “अहो, खिरीचं पातेलं होतं ते!” आई आतून म्हणायची.

मग बाबा एकेक बोट चोळत विचारायचे, “हं, आणि हे?” रामोन मोडक्या इंग्रजीत सांगायचे. त्यांच्या वेळी हातमोजे नसायचे. लोकरीचा स्वेटर आणि कॅप, बस्स. बुटासारखी लेस बांधलेला चामड्याचा चेंडू पावसात दगडासारखा व्हायचा. तर्जनी चौकोनी लाकडी खांबावर आपटून मोडली. अंगठा पेनल्टी अडवताना गेला. तेव्हा बदली खेळाडू घेत नसत, म्हणून उरलेला अर्धा तास त्यांनी एका हाताने गोल राखला.

“मग जिंकलात?”

“हरलो. पण मोडक्या अंगठ्याच्या बाजूने एकही गोल गेला नाही!” आणि ते इतके हसले की मेण टेबलावर सांडलं.

बाबांना त्या बोटांचा सगळा इतिहास पाठ होता. माझ्या शाळेच्या फॉर्मवर मात्र त्यांनी आठवीच्या जागी सहावी लिहिलं होतं. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचे, पान उलटायचं विसरायचे. एकदा दाराच्या फटीत करंगळी घालून दार हळूच लोटूनही पाहिलं... पुढे धीर झाला नाही.

एका शुक्रवारी रामोन माझ्याकडे बघून म्हणाले, “ही चांगली गोलकीपर होईल. बोलत नाही, पण सगळं बघते.”

“ही? हिला चेंडू दिसला की डोळे मिटते!” बाबा हसले.

त्या दिवशी मला रामोनचा सर्वांत जास्त राग आला. माझ्याकडे पाहिलं होतं ते त्यांनी, बाबांनी नाही.

क्लबाने शोकसभेसाठी चार ओळी मागितल्या. बाबा सांगत होते, मी टाइप करत होते. “चेंडूच्या लेसने डावा तळवा फाटला, शेवटच्या सीझनला...”

माझे हात थांबले. “उजवा,” मी म्हणाले. “आणि पहिल्या सीझनला.”

बाबांनी चष्मा काढला. “तुला काय ठाऊक?”

मी कागदाकडेच बघत होते. पण बोलले.

“मी तिथेच असायचे ना, बाबा. दर शुक्रवारी.”