ऐनाची सात लाकडं

गुणाजी पेणला राहायला आला तेव्हा टेम्पोत एक गादी, दोन पोती भांडी, पायलीभर वाल आणि ऐनाची सात लाकडं होती. वालाचं कुणाला काही वाटलं नाही, वाल पेणकरही चवीनं खातात. पण लाकडं? रामवाडीच्या त्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर गॅसवर चहा उकळणारी माणसं. त्यांनी तोंडात बोटं घातली. सेक्रेटरी मोतीरामभाऊंनी तर त्याच दिवशी बजावलं, की गच्चीवर वाळवी होईल, ही हलवा. गुणाजी व्हय व्हय म्हणाला आणि लाकडं नीट रचून खाली आला. हो म्हणायचं आणि आपलंच करायचं, ही त्याची जुनी खोड.

आता लाकडं का आणली, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. त्याचं गाव रोह्याच्या आत, डोंगराला टेकलेलं, पस्तीस उंबऱ्यांचं. बांधावरचा ऐन तोडून त्यानं दोन पावसाळे पडवीत सुकवला होता. तो मागं टाकून यायला मन होईना, एवढंच.

पेणला यावं लागलं ते बायकोपायी. शांतीची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, आणि मशीनला नंबर लागला पेणात. मुलगा हिरामण धाटावला कंपनीत शिफ्टवर. त्यानं खोली बघून दिली आणि सुट्टीला येत जाईन म्हणाला. येतही होता बिचारा.

मशीनवरून आली की शांती जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसायची. समोर बंद दारं. महिना असाच गेला, आणि एकदा दुसऱ्या मजल्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "हितं मी मेले तर कुणाला कळायचं बी नाय. चार खांदे तरी मिळतील का वो? मला घरी न्या."

घरी न्यायचं म्हणजे मशीन सुटली, आणि मशीन सुटली तर पंधरा दिवससुद्धा धरू नका, असं डॉक्टरांनी गुणाजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तो तिच्यावर खेकसला. मग नरमून म्हणाला, माणसं सगळीकडं माणसंच असतात गो, जरा दम धर. बघते, शांती म्हणाली.

आणि आठवड्याच्या आत पहिल्या मजल्यावरचे बाबाजी मास्तर रात्री गेले.

सकाळी नऊचा सुमार. मयत खाली काढताना रडं ऐकू आलं, तसा गुणाजी हातातला चहा ठेवून उठला. त्याच्या गावात मयताला बोलावणं नसतं. रडं कानावर आलं की हातातलं काम तिथंच टाकून घरटी एक माणूस निघतो, आणि घरटी एक लाकूड. स्वतःच्या चुलीत काटकी नसली तरी मयताचं लाकूड कुणी चुकवत नाही. खोटं कशाला बोलावं, गुणाजीला त्या क्षणी बरंसुद्धा वाटलं. आता शांतीच्या डोळ्यांदेखत सगळी बिल्डिंग खाली उतरेल, मग कशाला घरी चला म्हणते! असं वाटल्याची लगेच लाज वाटली, ती गोष्ट वेगळी. गच्चीवर जाऊन त्यानं त्यातल्या त्यात चांगलं लाकूड निवडलं, खांद्यावर टाकलं आणि खाली आला.

खाली पांढरी गाडी उभी होती. मास्तरांचा पहाटे ठाण्याहून आलेला मुलगा, दोन पाहुणे आणि मोतीरामभाऊ, झाले चार. दोन दारं बोटभर उघडली आणि मिटली. मुलाचे डोळे रडून सुजलेले. त्यानं लाकडाकडं पाहिलं, खिशातून पाकीट काढलं आणि हळूच विचारलं, "किती द्यायचे?"

गुणाजीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी वरचा," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरचा."

मुलगा ओशाळला. सॉरी काका, तिकडं लाकडांची सोय झालीय, म्हणाला. गाडी निघाली. फाटकात गुणाजी एकटा, खांद्यावर ऐन. पण मयताला काढलेलं लाकूड घरी परत नेत नाहीत. तो भर उन्हात नदीकडं चालत निघाला. स्मशानात पोचला तेव्हा अग्नी द्यायचा होता. मुलानं बाजूला होऊन जागा केली, गुणाजीनं लाकूड ठेवलं.

परत येऊन आंघोळ केली आणि शांतीनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, पुष्कळ माणूस होतं, नदीवर उभं राहायला जागा नव्हती.

शांती खिडकीशी बसली होती. "गाडीत चार गेले," ती म्हणाली. "पाचवं माणूस लाकूड घेऊन मागनं चालत होतं. मला रक्त नाय, पण डोळे हायत."

गुणाजी भिंतीला टेकून बसला. चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्यापुढं रडला नव्हता, आज रडला. मला तू पायजेस गो, एवढंच कसंबसं म्हणाला.

"बुधवारी मशीन हाय ना? जाऊ," ती म्हणाली. "नाय मागत मी घरी जायाला. पण उरलेली सहा हलवू नका."

रविवारी मोतीरामभाऊ दारात हजर. वाळवीचं औषध मारायला माणूस येतोय, आज लाकडं खाली काढाच.

"नाय काढणार," गुणाजी म्हणाला.

भाऊ चकित झाले. दीड महिन्यात हा माणूस पहिल्यांदाच नाही म्हणत होता. "अहो, पण गॅस आहे तुमच्याकडं. लाकडं हवीत कशाला?"

दार उघडंच होतं. आत शांती वाल सोलत बसली होती, तिचा हात थांबला.

"थंडीला लागतील," गुणाजी म्हणाला.

भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. वैशाख चालू होता.