वाफशाची वाट

एमलिन पॅरीचा भाजीमळ्यात नंबर लागला, तेव्हा त्याचा उजवा हात आणि बोलणं जाऊन वर्ष होत आलं होतं.

आमच्या गावात जुन्या खाणीतून काढलेल्या पाटीच्या दगडाच्या ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी उताराची जमीन आहे. तिचे तुकडे पाडून गावातल्या लोकांना भाजी लावायला देतात. तुकडा रिकामा होतो तो बहुतेक कुणी गेल्यावरच, त्यामुळे माणसं नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबतात. एमलिन बस डेपोत मेकॅनिक होता. लग्न केलं नाही. थोरली बहीण नेस्टा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तीही एकटीच. दोघं आईवडिलांच्या घरात राहायची. घरामागे जागा म्हणजे कपडे वाळत घालण्यापुरती फरशी. त्या फरशीवर बादल्यांत आणि फुटक्या पिंपांत एमलिन कांदे, मटार, काय काय लावायचा, आणि रविवारी माझ्या तुकड्यावर येऊन माझ्या चुका काढायचा.

"हाऊएल, ही गाजरं तू लावलीस का पुरलीस?"

मी म्हणायचो, "तुझा नंबर लागू दे, मग बघतो तुझी गाजरं."

पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याच्यापाशी एकच शब्द उरला. "थांब." चहा हवा असला तरी थांब, नको असला तरी थांब. दुखलं तर थांब, हसू आलं तरी थांब. नेस्टा सुरावरून ओळखायची.

मळ्याचं काम बघणारी ग्वेंडा निरोप घेऊन त्यांच्याकडे गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. एमलिन खिडकीशी खुर्चीत होता. ग्वेंडा अवघडून म्हणाली, "तसं पुढच्या माणसाला द्यायलाही हरकत नाही. कुणी काही म्हणणार नाही."

"मी घेते," नेस्टा म्हणाली.

"तू? अगं, तू कधी कुंडीला तरी पाणी घातलंयस का?"

"इथे पाणी घालावं लागतं कुठे?" नेस्टाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर पाऊस होता. आमच्याकडे असतोच.

एमलिन थांब, थांब, थांब म्हणत डाव्या हाताने गुडघ्यावर थापट्या मारायला लागला. तो आनंदाचा सूर आम्ही तिघांनीही ओळखला.

तुकडा मिळाला तो खालच्या कोपऱ्यातला. वरच्या सगळ्यांचं पाणी तिथे उतरतं. आधीच्या म्हाताऱ्याने शेवटची काही वर्षं तिथे हातच लावला नव्हता. लव्हाळ्यासारखं गवत आणि काटेरी झुडपं माजली होती. नेस्टा पहिल्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरातले रबरी बूट घालून आली. फावडं मारलं तर पचकन आवाज झाला, आणि खड्ड्यात पाणी भरलं.

"हे विहीर खणायचं काम आहे का रे?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यात बरं असतं," मी म्हणालो.

गवत काढता काढता मार्च संपला. तिला काहीच येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं त्याला सांगता येत नव्हतं. मग तिनेच एक तोड काढली. रोज सकाळी ती तुकड्यावर जायची, वाडगाभर माती घेऊन घरी यायची आणि एमलिनच्या मांडीवर ठेवायची. तो डाव्या मुठीत माती दाबायचा, मूठ उघडायचा. मातीचा लाडू तसाच राहायचा. तो बोटाने टोचून बघायचा, फुटायचा नाही, नुसती खळगी पडायची. मग मान हलवून म्हणायचा, "थांब."

यावेळी त्याचा अर्थ थांब असाच होता. जमिनीला वाफसा नव्हता, म्हणजे पाणी निथळून ती पेरण्याजोगी भुसभुशीत झाली नव्हती. अशा मातीत बी टाकलं तर कुजतं, हे मला ठाऊक होतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नेस्टाने ते त्याच्या मुठीवरून शिकून घेतलं. खिडकीत अंड्यांच्या खोक्यांमध्ये बियाण्याच्या बटाट्यांना मोड आले होते. तेही दोघं मिळून बघत बसायची.

त्या दिवसांत एमलिन बदलला. त्याला रोज येणारी नर्स मला म्हणाली, की आता तो सकाळी स्वतःहून उठून बसतो. दाढी करू देतो. वाडगं यायला उशीर झाला तर दाराकडे बघत राहतो.

पण एप्रिल गेला, पाऊस हटेना. एक दिवस उघाड, की पुढचे चार दिवस धुकं आणि भुरभुर. वरच्या तुकड्यांवर आमचे बटाटे उगवून वर आले आणि खाली नेस्टाची जमीन साबणासारखी. मी म्हणालो, "अगं, याची वाट बघत बसलीस तर नाताळ येईल. मधे चर काढ, त्यातली माती दोन्ही बाजूंना चढव, उंच वाफे कर. पाणी चरात जाईल."

"एमलिन अजून नको म्हणतो."

"एमलिनने हा कोपरा पाहिलाय कुठे? तो अंगणातल्या बादल्यांचा राजा. बादलीला खाली भोक असतं."

 दुसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं. तो थांब म्हणाला. आठवडाभर ती विचारत राहिली, तो थांब म्हणत राहिला. मग एका दुपारी ती तरातरा वर आली, टोपीवरून पाणी निथळत होतं, आणि म्हणाली, "चल, खणू या. त्याचं ऐकलं तर दोघंही थांबून थांबूनच मरू."

आम्ही चर खणला. मी सत्तरीचा, ती अडुसष्टची. माती चढवली, शेणखत घातलं. बटाटे लावले, गाजराचं बी, सॅलडचं बी, घेवडा. संध्याकाळी घरी जाऊन तिने एमलिनला सांगितलं. त्याने तोंड फिरवलं आणि दोन दिवस वाडग्याला हात लावला नाही.

गाजराचं बी कुजलं. सॅलड उगवलं, कोवळं हिरवं, बघत राहावं असं, आणि दुसऱ्या सकाळी तिथे काही नव्हतं. वाफ्यावर नुसते चकाकणारे ओघळ होते. बिनशंखाच्या काळ्या गोगलगायी, माझ्या अंगठ्याएवढ्या. नेस्टा रोज पहाटे येऊन त्या चमच्याने वेचून मिठाच्या डब्यात टाकायची.

"एवढ्या वर्षांत मी शाळेतल्या किती पोरांना जेवायला वाढलं," ती म्हणाली, "पण असे खादाड बघितले नाहीत. आणि यांना भाजी आवडते."

घेवडाही त्यांनी खाल्ला. तिने पुन्हा लावला, यावेळी घरी खिडकीत, कागदाच्या नळकांड्यांत. एमलिनचा राग त्या नळकांड्यांनीच घालवला. तो डाव्या हाताने त्यांना पाणी घालायला लागला.

बटाटे मात्र आले. जून संपताना पानं गुडघ्यापर्यंत आली आणि पांढरी फुलं लागली. एका कोरड्या दिवशी आम्ही एमलिनला चाकांच्या खुर्चीतून मळ्यावर नेलं. चिखलात चाकं रुतली, मी मागून ढकलत होतो, नेस्टा पुढून ओढत होती, ग्वेंडा बाजूने सूचना करत होती.

"डावीकडे घे."

"तू घे ना डावीकडे, मी खुर्चीत बसतो," मी म्हणालो.

एमलिन हसला. झटक्यानंतर तो आवाज काढून हसलेला मी पहिल्यांदा ऐकला. वाफ्यापाशी आल्यावर त्याने चर बघितला, पाणी चरातून खाली वाहत होतं ते बघितलं, बराच वेळ बघितलं. मग नेस्टाकडे पाहून मान हलवली, होकाराची.  ती वाकून गवत उपटायला लागली. एक रोप तिने धरलं आणि तो ओरडला, "थांब!"

ते गाजर होतं. कुजलेल्यांतलं एकटं वाचलेलं. तिने ते पुन्हा मातीत दाबून बसवलं, आणि मग आम्ही सगळेच हसलो.

त्या संध्याकाळी घरी परतताना नेस्टा मला म्हणाली, "ऑगस्टात त्याला स्वतःचे बटाटे उकडून घालते. मीठ, लोणी. इतकंच झालं तरी पुरे."

ऑगस्टात हवा उबदार झाली आणि भुरभुर थांबेना. असं हवामान मला आवडत नाही. माझ्याच तुकड्यावर पहिल्यांदा पानांच्या कडांना तपकिरी डाग दिसले. पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. करपा. मी धावत खाली गेलो.

"नेस्टा, आजच्या आज सगळी झाडं जमिनीलगत काप. जाळ, नाहीतर पिशव्यांत भरून बाहेर दे. मग बटाटे थोडे दिवस जमिनीतच राहू दे, कदाचित वाचतील."

"सगळी?"

"सगळी."

"पण ती चांगली दिसतायत रे."

"उद्या दिसणार नाहीत."

तिने विळा घेतला. मी माझी झाडं कापत होतो, पण लक्ष तिच्याकडे होतं. अर्धा वाफा कापला आणि ती उभी राहिली. उरलेली झाडं खरोखर हिरवीगार होती, एकही डाग नव्हता. तिने विळा खाली ठेवला. "एवढी राहू दे," ती म्हणाली. मी जाऊन ती कापू शकलो असतो. पण तुकडा तिचा होता.

दोन दिवसांनी ती झाडं काळी पडून लोळत होती, आणि सगळ्या मळ्याला कुजका वास येत होता. खणलं तेव्हा वरून बटाटे धड दिसायचे, काट्याच्या फावड्याने उचलले की आतला लगदा बोटांमधून गळायचा. कापलेल्या अर्ध्या वाफ्यात थोडे सापडले, लिंबाएवढे. ते तिने घरी नेऊन ओट्यावर पसरले. चार दिवसांत त्यांतूनही पाणी सुटलं. उकडण्यासारखा एकही राहिला नाही.

एमलिनला सांगायचं तिच्याने होईना. सकाळी तो हात पुढे करायचा, ती वाडगं द्यायची, दुसऱ्याच कोपऱ्यातली माती भरून. तिसऱ्या का चौथ्या सकाळी मीही तिथे होतो, चहा घेत होतो. त्याने माती मुठीत घेतली नाही. तिची बाही धरून जवळ ओढली आणि वास घेतला. करप्याचा वास कपड्यातून लवकर जात नाही.

"एमलिन, अरे, पुढच्या वर्षी..." नेस्टा म्हणाली.

त्याने तिची बाही सोडली. काही बोलला नाही, तो एक शब्दसुद्धा. हात मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्यानंतर त्याने मातीसाठी हात पुढे केला नाही. नेस्टा काही दिवस वाडगं आणून समोर ठेवत होती, मग तिनेही सोडलं. दाढीला नको म्हणायला लागला. नर्सने डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने गोळ्या बदलल्या.

पानगळीत त्याला दुसरा झटका आला. यावेळी गिळणंही गेलं. त्याला समुद्राकाठच्या गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं, आणि नेस्टा एक दिवसाआड बसने जायला लागली. तिला तो ओळखत होता की नाही, हे तिला सांगता आलं नाही.

घेवडा थोडा आला होता. तो वेलीवरच वाळून काळा झाला. कुणी तोडला नाही.

हिवाळ्यात ग्वेंडा तिच्याकडे गेली. तुकडा पडून राहिला की लोक कुरकुर करतात, पण ती ओरडायला गेली नव्हती. "राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "पहिल्या वर्षात कुणाला काय येतं? आमचेही पहिले बटाटे असेच गेले होते."

"तुला खरं सांगू का?" नेस्टा म्हणाली. "मला भाज्या आवडतही नाहीत गं. जन्मभर शाळेत कोबी उकडला. वासानेसुद्धा नको होतं."

"मग कशाला एवढं केलंस?"

"तो सकाळी उठून बसायचा."

तिने बूट दाराशी आणून ठेवले होते, धुऊन. ते आणि मळ्याच्या फाटकाची किल्ली ग्वेंडाच्या हातात दिली. बूट कुणाला तरी होतील, म्हणाली.

एमलिन फेब्रुवारीत गेला. चॅपेलमध्ये फारशी माणसं नव्हती. डेपोतले दोघं-तिघं, मळ्यातले आम्ही. पाद्री त्याच्या बागकामाच्या आवडीबद्दल चांगलं बोलला. नेस्टा समोर बघत बसली होती.

खालचा कोपरा आता एका तरुण जोडप्याकडे आहे. त्यांनी फळ्यांचे उंच चौकोन करून त्यात बाहेरून आणलेली माती भरली. चर बुजवला. त्यांचं बरं चाललंय.

नेस्टा दुकानात जाताना आता मळ्याजवळून जाणाऱ्या चढावरच्या गल्लीने येत नाही, खालून लांबच्या रस्त्याने जाते. मी कधी कधी लीकची, त्या कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीची, जुडी तिच्या दाराशी नेऊन देतो. ती घेते, हात पुसत आभार मानते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. आत ये म्हणत नाही. लीकचं ती काय करते, मी विचारलेलं नाही.